गोंधळ मांडावा लागतो

नेकेड सिटी या न्यूयॉर्कच्या बँडचा ‘टॉर्चर गार्डन’ हा अल्बम १९९० साली आला. ४२ तुकडे, एकूण वेळ सुमारे २६ मिनिटे, म्हणजे सरासरीने एका तुकड्याच्या वाट्याला चाळीस सेकंदही येत नाहीत. तेव्हापासून त्याच्याबद्दलचा वाद एकाच खड्ड्यात रुतून बसला आहे. एक बाजू म्हणते, हा नुसता कलकलाट; चांगल्या वादकांनी केलेली थट्टा, तिला संगीत म्हणून तपासायचे कारणच नाही. दुसरी बाजू म्हणते, हा नियमांविरुद्धचा उठाव आहे आणि ज्याला तो सोसत नाही त्याचे कान अजून तयार झालेले नाहीत. एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न तपासता मान्य केली आहे. इथे शिस्त नाही, हे दोघींनाही कबूल आहे. एकीला ते खुपते, दुसरीला ते भावते. माझे म्हणणे असे की शिस्त या अल्बममध्ये खच्चून भरलेली आहे आणि तीच त्याची खरी ताकद आहे. त्याचे दोष आहेत, चांगले मोठे आहेत. पण ते कर्कशपणात शोधणाऱ्यांना सापडणार नाहीत. ते तुकडे ओळीने लावण्याच्या पद्धतीत आहेत, आणि त्याहून गंभीर दोष चित्रांत आणि नावांत आहे.

मराठी वाचकाला हे समजायला सोपे जावे, कारण आपल्या भाषेने हा पेच एकाच शब्दात साठवून ठेवला आहे. पोरांनी वर्गात घातला तोही गोंधळ आणि लग्नानंतर कुळाचार म्हणून देवीपुढे घातला तोही गोंधळच. दुसऱ्या गोंधळात काय असते? तांदळाचा चौक, कलश, दिवटी. आधी गण, मग एकेका ठाण्याच्या देवतेला नाव घेऊन ‘गोंधळा ये’ असे आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. संबळ, तुणतुणे आणि झांज यांचा एवढा गदारोळ होतो की अंगणाबाहेरच्या माणसाला त्यातला क्रम ऐकू येत नाही. मधूनच नाईकाला साथीदार आडवे प्रश्न विचारतो, हशा पिकतो, आणि आख्यान सोडले होते त्याच जागी पुन्हा उचलले जाते. बाहेरून ऐकणाऱ्याने ‘काय हा गोंधळ’ म्हणावे आणि आतल्याने क्रम मोजावा, अशी ही गोष्ट आहे. ‘टॉर्चर गार्डन’विषयी बोलणारे बहुतेक लोक, विरोधक आणि भक्त दोघेही, अंगणाबाहेर उभे राहून बोलतात.

आत कोण आहे ते बघू. अल्टो सॅक्सोफोनवर जॉन झॉर्न, गिटारवर बिल फ्रिझेल, की-बोर्डवर वेन हॉर्विट्झ, ड्रमवर जोई बॅरन. बास गिटारवर फ्रेड फ्रिथ. हा मुळात इंग्लंडचा गिटारवादक, इथे मुद्दाम दुसऱ्या वाद्यावर बसवलेला. ओरडायला ओसाकाच्या ‘बोरडम्स’ बँडचा यामात्सुका आय. फ्रिझेलची ओळख मऊ, तरंगत्या, व्हॉल्यूम पेडलने उमलवलेल्या सुरांसाठी आहे. ग्राइंडकोर, म्हणजे पंक आणि मेटल यांतून निघालेले अतिवेगवान, कर्कश संगीत, वाजवायला त्याला कोणी शोधत गेला नसता. झॉर्नने याआधी १९८४ मध्ये ‘कोब्रा’ ही रचना केली होती. तिच्यात पुढे बसलेला सूत्रधार वादकांच्या खुणा पाहून पत्ते दाखवतो आणि पुढे काय घडणार ते त्या क्षणी ठरते. १९८७ च्या ‘स्पिलेन’मध्ये त्याने कल्पना कार्डांवर लिहून, एकेक प्रसंग स्टुडिओत रेकॉर्ड करून पुढचा त्याला जोडला. १९८९ च्या ‘स्पाय व्हर्सस स्पाय’मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चाली हार्डकोर पंकच्या वेगाने, दोन अल्टो आणि दोन ड्रमर घेऊन वाजवल्या. ‘टॉर्चर गार्डन’ या तिन्ही प्रयोगांच्या पुढची पायरी आहे. ‘कोब्रा’तला क्षणोक्षणीचा बदल इथे आहे, पण क्रम आधी ठरलेला आहे. ‘स्पिलेन’मधले झटके आहेत, पण ते खोलीत बसलेल्या वादकांनी हातांनी द्यायचे आहेत. आणि वेग ग्राइंडकोरच्या गावाहून, बर्मिंगहॅमहून आला आहे.

हा वेग म्हणजे नेमके काय? ग्राइंडकोरचा कणा असतो ब्लास्ट बीट. बास ड्रम आणि स्नेअर ड्रम आळीपाळीने, एका मात्रेत चार ठोके. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत सेकंदाला तेरा ठोके होतात. चार मात्रांचा बार १.२ सेकंदात संपतो. आता ‘स्पीडफ्रीक्स’ हा तुकडा घ्या. एका मिनिटाच्या आत तो ब्लास्ट बीट, स्विंग, कंट्री, रेगे, हॉटेलच्या लाउंजमधले गुळगुळीत संगीत, पुन्हा ब्लास्ट, अशा शैलींमधून जातो आणि एकेका शैलीला जेमतेम एक बार मिळतो. तबलजी दुगुन, तिगुन, चौगुन करतो तेव्हा मूळ लय मनात चालूच असते. सगळे गुणाकार तिच्याशी बांधलेले असतात आणि समेवर हिशेब मिटतो. इथे असा आधार नाही. दोनशेच्या ब्लास्टवरून पंचाहत्तरच्या रेगेवर उडी मारायची तर आधीच्या लयीचा कुठलाच साधा भाग पुढच्या लयीत बसत नाही. प्रत्येक तुकड्याची लय स्वतंत्रपणे अंगात मुरलेली असावी लागते, आणि ती पाचही जणांच्या अंगात तीच असावी लागते.

अशा वादनात काय काय बिघडते हे ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना माहीत आहे, आणि त्या बिघाडांची यादी केली की या बँडचे कौशल्य आपोआप दिसते. सर्वांत आधी शेपूट. क्रॅश झांज एकदा मारली की ती कित्येक सेकंद घुमते, पण पुढचा तुकडा सेकंदाच्या आत येतो. म्हणून ड्रमरला मारलेल्या हातापाठोपाठ दुसऱ्या हाताने झांज पकडावी लागते आणि तोच हात पुढच्या मात्रेला स्नेअरवर हजर हवा. गिटारचे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा परिणाम, कट होताना, म्हणजे एका शैलीवरून दुसरीवर उडी मारताना, बंद करून चालत नाही. पाव मात्रा आधी तारा तळव्याने दाबून मगच पेडलवर पाय द्यायचा, नाहीतर पुढचा स्वच्छ कॉर्ड खरखरीत सुरू होतो. अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने उघडलेला असेल तर नुसत्या शांततेतही तो फीडबॅकने ओरडतो, म्हणून थांबलेला वादकही दोन्ही हातांनी तारा धरून असतो. सॅक्सोफोनला तर बटणच नाही. किंचाळी संपवून बॅलडचा गोल सूर लावायचा म्हणजे ओठांची पकड, घशाची पोकळी आणि श्वासाचा दाब हे सगळे एका मात्रेत बदलायचे. दुसरा बिघाड लयीचा: वेगवान भागानंतर येणारा संथ भाग हमखास घाईत सुटतो, कारण शरीर अजून पळत असते. आणि तिसरा, सगळ्यांत घातक, म्हणजे कट येण्याआधी बँडने घेतलेला चोरटा श्वास. सगळे मिळून अर्ध्या मात्रेची तयारी करतात, श्रोत्याला ती कळते, आणि धक्का मरतो.

‘टॉर्चर गार्डन’मध्ये हे तिन्ही बिघाड जवळपास सापडत नाहीत. बॅरन ब्लास्टवरून स्विंगवर जातो तेव्हा स्विंग पहिल्याच मात्रेला स्विंग असतो. त्याला गती घ्यायला बार लागत नाही. फ्रिथ बासचा सूर जिथे तोडतो तिथे तो खरोखर तुटतो. ही काही संगणकावर चिकटवलेली गोष्ट नाही. हा बँड हे तुकडे मंचावरही वाजवत असे. शंका असेल त्याने कोणताही तुकडा निम्म्या वेगाने लावून पाहावा. खरी बेशिस्त संथ केली की आणखी विस्कटते. हे तुकडे संथ केले की सांधे दिसू लागतात, आणि सांध्यावर सगळे एकत्र असतात.

आता विरोधातले सर्वांत वजनदार मुद्दे. पहिला असा की शिस्त असेलही, पण ती श्रोत्याला ऐकूच येत नसेल तर तिचा उपयोग काय? कागदावरचा क्रम हा वादकांचा खासगी आनंद झाला. हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो, कारण आधुनिक संगीतातल्या बऱ्याच रचनांवर तो खरोखर लागू पडतो. पण इथे तो लागू पडत नाही, आणि त्याचे कारण झॉर्नच्या गुरुस्थानी असलेल्या माणसात आहे. कार्ल स्टॉलिंग १९३६ ते १९५८ या काळात वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांना संगीत देत होता. ससा दारामागे लपला, दार आपटले, तोफ उडाली, ससा सभ्यपणे वाकला: प्रत्येक हालचालीला नवे संगीत, कधी दोन सेकंदांचे, कधी त्याहूनही कमी, आणि पूर्ण वाद्यवृंदाने वाजवलेले. १९९० मध्ये स्टॉलिंगच्या संगीताचे संकलन निघाले तेव्हा त्यावर टिपण लिहिणाऱ्यांत झॉर्न होता. चित्र बाजूला काढले तरी हे संगीत स्वतःच्या पायांवर उभे राहते हा त्याचा आग्रह. आपल्याकडे घराघरांत पाहिलेल्या ‘टॉम अँड जेरी’चा संगीतकार स्कॉट ब्रॅडली तर काही ठिकाणी चक्क बाराही स्वरांना समान स्थान देणारी आधुनिक, बारा स्वरांची पद्धत वापरून गेला. सहा वर्षांचे मूल हे संगीत ऐकते आणि हसते. त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण अपेक्षा कुठे बांधली आणि कुठे तोडली हे कानाला बरोबर कळते. ‘टॉर्चर गार्डन’ ऐकताना प्रौढ माणूस ‘हे मला कळत नाही’ म्हणतो आणि तरीही रेगेचा तुकडा आला की नकळत हसतो. हसला याचा अर्थ त्याला कट ऐकू आला.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. ग्राइंडकोर ही रागातून जन्मलेली शैली आहे. नेपाम डेथ या बँडचा ‘स्कम’ हा अल्बम १९८७ चा. बर्मिंगहॅममधली बेकारीची वर्षे, मर्मेड नावाचा पब, अणुयुद्धाची भीती आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचा संताप यांतून तो आला. त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या संचांनी वाजवल्या, दोन्हींत समान असा फक्त ड्रमर मिक हॅरिस. पहिली बाजू जवळपास कफल्लक अवस्थेत, स्वस्तातल्या स्टुडिओत झाली. अशा शैलीला मॅनहॅटनच्या तरबेज जॅझ वादकांनी खेळणे म्हणून उचलावे, यात तिचा राग काढून घेऊन फक्त वेग ठेवला असे होत नाही का? होते. काही अंशी नक्कीच होते. ‘स्कम’मधल्या ओबडधोबडपणात एक निकड आहे, आपल्याला वाजवता येते त्याहून जास्त वेगाने वाजवण्याची धडपड आहे. नेकेड सिटीला सगळेच वाजवता येते, त्यामुळे ती धडपड तिथे असूच शकत नाही. हे नुकसान खरे आहे आणि अल्बमच्या चाहत्यांनी ते मान्य करायला हवे.

पण खेळ बाहेरून आला, हे मात्र इतिहासाला धरून नाही. ‘स्कम’वरच ‘यू सफर’ हे सुमारे १.३ सेकंदांचे गाणे आहे. चार शब्दांचा प्रश्न, एक धडाका, संपले. जगातले सर्वांत लहान गाणे म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. हे गाणे विनोद आहे की आक्रोश? माणूस का सोसतो हा प्रश्न विचारायला एवढाच वेळ पुरेसा आहे असे म्हणणे म्हणजे एकाच वेळी दोन्ही. ग्राइंडकोरच्या गाभ्यात हा खेळकरपणा पहिल्या दिवसापासून होता. नेकेड सिटीने तो शोधला नाही, फक्त त्याच्या मागे शेवटपर्यंत गेले. आणि ज्याच्या शैलीची लूट झाली असे म्हणतात तो मिक हॅरिसच १९९१ मध्ये झॉर्न आणि बासवादक बिल लासवेल यांच्याबरोबर ‘पेनकिलर’ या बँडमध्ये ड्रम वाजवत होता. मेलबर्नच्या एका ग्राइंड बँडने स्वतःचे नाव नेकेड सिटीच्या तुकड्यावरून ‘ब्लड डस्टर’ ठेवले. ज्यांची ही शैली, त्यांनी या पाहुण्यांना घरात घेतले होते.

खेळ आणि गांभीर्य यांची फारकत करायची सवय संगीताच्या समीक्षेत फार जुनी आहे. मोझार्टने १७८७ मध्ये ‘संगीतातला विनोद’ अशा नावाची रचना केली. हॉर्न भलतेच सूर लावतात, व्हायोलिन चुकीच्या जागी चढत जाते, आणि शेवटी प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या स्वरात थांबते. अडाणी संगीतकार नेमका कुठे अडखळतो हे ज्याला तंतोतंत माहीत आहे त्यालाच ती लिहिता येते. ‘परफ्यूम ऑफ अ क्रिटिक्स बर्निंग फ्लेश’ असे नाव असलेल्या, अर्ध्या मिनिटाच्या आत संपणाऱ्या तुकड्याला समीक्षकांनी टवाळी म्हणून बाजूला ठेवले तर ते समजण्यासारखे आहे, नावच तसे आहे. पण नावावर थांबून तुकडा न ऐकणे ही चूक समीक्षकाचीच.

इथपर्यंत बचाव झाला. आता जे मला खरोखर खटकते ते.

हा अल्बम सलग ऐकताना बाराव्या-पंधराव्या तुकड्याच्या आसपास काहीतरी निसटते. प्रत्येक कट तितकाच धारदार असतो, पण त्याची धार लागेनाशी होते. चाहते म्हणतात, श्रोता थकला. विरोधक म्हणतात, मुळात काही नव्हतेच. खरे कारण साधे आणि तांत्रिक आहे. धक्का ही फरकाची गोष्ट आहे. सगळेच तुकडे मोठ्या आवाजात, सगळेच कटांनी भरलेले, आणि दोन तुकड्यांमधली शांतता तुकड्यातल्या शांततेइतकीच तोकडी. मग तुकडा कुठे संपला आणि कट कुठे झाला यातला भेदच कान सोडून देतो. बेचाळीस रचना वितळून एक रचना होते, आणि त्या एका रचनेला आकार नाही.

विसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार वेबर्न याच्याशी तुलना करून बघा. त्याच्या तंतुवाद्य चौकडीच्या सहा बॅगॅटेल्स, म्हणजे चिमुकल्या रचना, ओपस ९, मिळून चार-एक मिनिटांच्या. १९२४ मध्ये त्यांची प्रस्तावना लिहिताना त्याचा गुरू शोनबर्ग याने म्हटले होते की एक कादंबरी एका हावभावात आणि एक सुख एका श्वासात मांडायला केवढा संयम लागतो. पण वेबर्नची लघुता शांततेने वेढलेली आहे. सूर इतके हलके की त्यांच्या आधीची आणि नंतरची निःशब्दता रचनेचाच भाग होते. ‘टॉर्चर गार्डन’ने लघुता घेतली आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा घेतली नाही.

हे बाहेरून लादलेले मत आहे असे कोणी म्हणेल, म्हणून बँडचाच पुरावा देतो. ‘टॉर्चर गार्डन’वरचे नऊ तुकडे ‘नेकेड सिटी’ या पहिल्या, १९९० च्याच अल्बमवरही आहेत. तिथे २६ रचना आहेत आणि त्यांत मॉरिकोने, मॅन्सिनी, जेम्स बाँडची धून असे चित्रपटसंगीत आहे. ऑर्नेट कोलमनची ‘लोन्ली वुमन’ संपते आणि आठ चिमुकले तुकडे एका दमात येतात, त्यांतला ‘हॅमरहेड’ तर दहा सेकंदांच्या आसपासचा, आणि लगेच ‘चायनाटाउन’ची जेरी गोल्डस्मिथची उदास चाल सुरू होते. तेच वादन, तेच तुकडे. पण इथे ते अंगावर येतात, कारण आधी काहीतरी गमावण्यासारखे होते. उरलेले ३३ तुकडे १९९२ च्या ‘ग्रँड ग्विन्यॉल’ या अल्बमवर पुन्हा आले. झॉर्नने त्यांच्या आधी काय ठेवले? पाश्चात्त्य अभिजात संगीत: देबुसीचे ‘बुडालेले कॅथेड्रल’, स्क्रियाबिनचे प्रेल्यूड, सोळाव्या शतकातला लासुस, आइव्हज, मेसियाँ. म्हणजे बेचाळीसच्या बेचाळीस तुकड्यांना बँडने दुसरीकडे शांत शेजारी दिले. या तुकड्यांना शेजाऱ्यांची गरज आहे हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? ‘टॉर्चर गार्डन’ हा एकच अल्बम आहे जिथे ते एकटे आहेत, आणि नेमका तोच अनेकांनी डोक्यावर घेतला. ‘टोकाचे’ असणे हाच गुण मानणाऱ्या चाहत्यांनी बँडच्या सर्वांत कच्च्या संपादनाला त्याची सर्वोत्तम कृती ठरवले. ही चाहत्यांची चूक मला विरोधकांच्या बहिरेपणाइतकीच लागते.

दुसरा दोष पद्धतीतच दडलेला आहे. एका बारमध्ये रेगे ओळखू यायचा असेल तर रेगेतले काय घ्यावे लागेल? उलट्या मात्रेवरचा गिटारचा टपका, बस्स. कंट्रीतून मूळ स्वर आणि पंचम यांच्यात झुलणारा बास आणि ओढलेली तार. सर्फमधून स्प्रिंग रिव्हर्बमध्ये भिजलेली झपाट्याची पिकिंग. दीड सेकंदात शैलीचा आत्मा मावत नाही. मावते ती तिची पाटी. हा दोष मी थेट मान्य करतो: नेकेड सिटीची रेगे ही रेगे नाही, रेगेची ओळखपत्रावरची तसबीर आहे. पण संगीतात याची किंमत तशी कमी. कंट्रीचा एक बार व्यंगचित्रासारखा वाजला म्हणून नॅशव्हिलच्या कोणा वादकाचे काही बिघडत नाही, आणि फ्रिझेलने पुढे त्या संगीतात वर्षानुवर्षे मनापासून काम केले.

हीच पद्धत माणसांना लावली की काय होते? इथे खेळ संपतो. अल्बमच्या मुखपृष्ठावर आणि पुढच्या ‘लेंग चे’ या अल्बमवर आशियाई शरीरांवरच्या अत्याचाराच्या प्रतिमा आल्या. ‘लेंग चे’वर तर चीनमधल्या खऱ्या देहदंडाचे, माणसाचे तुकडे करतानाचे छायाचित्र होते. ‘ओसाका बाँडेज’, पहिल्या अल्बमवरचे ‘पंक चायना डॉल’ अशी नावे. जपानी म्हणजे दोरखंड, चिनी म्हणजे बाहुली किंवा छळ: ही तीच पाटी, तीच दीड सेकंदात ओळखू येणारी खूण. स्टॉलिंगच्या काळातल्या कार्टूनपटांतही वंशांची अशीच व्यंगचित्रे होती, आणि त्यांतली बरीच आज दाखवत नाहीत. अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या संघटनांनी नव्वदच्या दशकात या मुखपृष्ठांवर जाहीर आक्षेप घेतला. पुढे हे दोन्ही अल्बम झॉर्नच्या त्झाडिक कंपनीने ‘ब्लॅक बॉक्स’ या नावाने एकत्र काढले.

याच्या बचावात म्हटले जाते की कलेला क्रौर्य दाखवण्याचा अधिकार आहे, आणि झॉर्न त्या काळात अनेकदा जपानमध्ये राहत होता, तिथल्या वादकांबरोबर काम करत होता, म्हणजे त्याला द्वेष नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या. यामात्सुका आयच्या आवाजाशिवाय हा अल्बम उभाच राहिला नसता, आणि त्याचे ओरडणे हा अल्बममधला सर्वांत मोकळा, सर्वांत मिस्कील भाग आहे. पण अधिकाराचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे की त्या अधिकाराचे केले काय. अल्बमचे नाव फ्रेंच लेखक ऑक्ताव्ह मिर्बोच्या १८९९ च्या कादंबरीवरून घेतले आहे. तिच्यातली छळाची बागही चीनमध्येच आहे, आणि युरोपियन वाचकाने चीनविषयी रंगवलेली स्वप्ने तिच्यातही आहेत. तरी मिर्बोने ती खुनाची आणि रक्ताची पाने पुजारी, सैनिक, न्यायाधीश, आणि माणसांना शिकवणाऱ्या, चालवणाऱ्या, त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांना अर्पण केली होती. निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवणाऱ्या द्रेफ्यू प्रकरणाने फ्रान्स पेटलेला होता. बागेतल्या छळाकडे बोट दाखवून तो पॅरिसकडे बघायला लावत होता. अल्बमने बाग घेतली, अर्पणपत्रिका टाकून दिली. ‘स्कम’चा राग कोणावर आहे हे त्याच्या पहिल्या गाण्यापासून कळते. इथली प्रतिमा कोणाविरुद्ध आहे? उत्तर सापडत नाही, म्हणून ती सजावट होते, आणि दुसऱ्याच्या मरणयातनांची सजावट करायला संगीतातली शिस्त हे निमित्त पुरत नाही. आपल्याला ही प्रतिमा दुरून, परदेशी वाद म्हणून बघता येईल असे कोणी समजू नये. आशियाई चेहरा म्हणजे एक पाटी, ही सवय आपलेही चेहरे सोडत नाही.

या आक्षेपामुळे संगीत ऐकूच नये असे मी म्हणत नाही. दोष जिथे आहे तिथे ठेवला की गुणही जिथे आहे तिथे दिसतो. बँडला संथ वाजवता येत नव्हते हा आरोप तर ‘लेंग चे’ हाच अर्ध्या तासाहून मोठा, चिखलातून पाय ओढत चाललेला एकसंध तुकडा खोडून काढतो. कटांची कला त्यांनी पुढे कुठे नेली हे १९९३ च्या ‘रेडिओ’वर ऐकू येते. तो अल्बम तुलनेने सौम्य रचनांनी सुरू होतो, हळूहळू काळवंडत जातो, आणि शेवटच्या ‘अमेरिकन सायको’मध्ये ‘स्पीडफ्रीक्स’चीच युक्ती सहा मिनिटे चालते, तिथे कान थकत नाही, कारण तिथवर पोचायला वाट दिलेली आहे.

ज्याला हे संगीत नवे आहे त्याने ‘टॉर्चर गार्डन’पासून सुरुवात करू नये. आधी १९९० चा ‘नेकेड सिटी’ पूर्ण, क्रमाने, मधले आठ तुकडे न वगळता. आवाज मध्यम ठेवावा. मोठ्या आवाजात कानाला कटापेक्षा दाब जास्त जाणवतो आणि ड्रमच्या बारीक हालचाली झाकल्या जातात. हेडफोन असेल तर पहिल्यांदा फक्त बॅरनचा झांज पकडणारा हात शोधावा, दुसऱ्यांदा फक्त फ्रिथचा बास. मग ‘ग्रँड ग्विन्यॉल’, तेही क्रमाने. त्यात मेसियाँची ‘येशूच्या अनंतत्वाची स्तुती’ आहे, गर्लिट्झच्या युद्धबंदी छावणीत लिहिलेल्या आणि जानेवारी १९४१ मध्ये तिथेच कैद्यांपुढे पहिल्यांदा वाजवलेल्या चौकडीतली. तिची लय इतकी संथ आहे की पुढचा सूर येईल की नाही अशी शंका यावी. तो शेवटचा सूर विरत जाऊ द्यावा, मध्ये थांबू नये. त्याच्या पाठोपाठ ‘ब्लड इज थिन’ येतो.